साधक आजारी पडतो तेव्हा : एक जाहीरनामा

साधना करणाऱ्या माणसाचं मन आजारी पडू शकतं. मनाच्या आजारातून जाणाऱ्या माणसाला खोल आध्यात्मिक अनुभव येऊ शकतो. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल, एकाच बैठकीत, न घाबरता म्हणता यावीत म्हणून आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात वर्षानुवर्षं ध्यानाला बसणारे आहेत, मनोरुग्णालयात राहून आलेले आहेत, आणि दोन्हींतून गेलेलेही आहेत. मुलाच्या उशाशी रात्री जागून काढलेले आईबाप आहेत, योगशिक्षक आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत. कुंडलिनी म्हणजे नेमकं काय, यावर आमचं एकमत नाही आणि ते होईपर्यंत आम्ही थांबणार नाही. ज्याला आज त्रास होतो आहे त्याच्यासाठी काय करायचं, यावर मात्र आमचं पूर्ण एकमत आहे.

आज काय घडतं ते अनेक घरांना ठाऊक आहे. विशीतला मुलगा पहाटे उठून ध्यान करू लागतो. काही महिन्यांनी पाठीच्या कण्यातून उष्णता चढते, अंग आपोआप हलतं, कानात नाद घुमतो, मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाश दिसतो. मग झोप उडते. विचार थांबत नाहीत. टीव्हीवरच्या बोलण्यात आपल्यासाठी निरोप आहे असं वाटायला लागतं. घरचे त्याला कुणा महाराजांकडे नेतात. तिथे सांगतात, शक्ती जागी झाली आहे, भाग्यवान आहात, गोळ्या दिल्यात तर शक्ती खाली बसेल. असे आठवडे जातात. एके रात्री तो गच्चीच्या कठड्यावर उभा सापडतो आणि घरचे दवाखान्यात धावतात. तिथे चिठ्ठी मिळते, आणि वर ऐकून घ्यावं लागतं की हे ध्यानबिन थोतांड आहे, आधी बंद करा. मुलगा त्या डॉक्टरांकडे पुन्हा जात नाही, गोळ्याही परस्पर थांबतात. एका ठिकाणी त्याचा आजार नाकारला गेला, दुसऱ्या ठिकाणी त्याचा अनुभव. या दोन नकारांच्या मध्ये आमची माणसं अडकली. काही परत आली नाहीत.

महाराष्ट्रात कुंडलिनी परकी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात तिचं नावही नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मात्र तिच्या जागृतीचं, देहात होणाऱ्या बदलांचं सविस्तर वर्णन आहे. ते नाथपंथातून आलं, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे. पारायण होणाऱ्या घरांत हा शब्द आजीच्या तोंडी असतो. विसाव्या शतकात गुळवणी महाराजांनी पुण्याच्या वासुदेव निवासात शक्तिपाताची, म्हणजे गुरूनं शिष्यातली शक्ती जागवण्याची, दीक्षा चालवली, ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीहून मुक्तानंदांनी शक्तिपात परदेशात नेला. ही परंपरा मोडायला आम्ही निघालेलो नाही. तिनेच सांगितलेली, आणि आता विसरली गेलेली एक गोष्ट आम्ही पुन्हा सांगतो आहोत. हठयोगप्रदीपिका प्राणायाम शिकवतानाच बजावते की तो हळूहळू वश करावा, नाहीतर साधकाचाच घात होतो. चुकीच्या अभ्यासानं उचकी, दमा, खोकला, डोक्याचे, कानांचे, डोळ्यांचे विकार जडतात. म्हणजे साधनेनं माणूस आजारी पडू शकतो हे कुणा परक्यानं येऊन सांगितलेलं नाही. चरकसंहितेत उन्मादाच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात देव, ऋषी, गंधर्व यांच्यामुळे होणारा उन्मादही मानला आहे, आणि तरीही उपचार सांगितले आहेत.

पूर्वी शिष्य गुरूच्या डोळ्यांसमोर राहायचा. त्याचं खाणं, झोपणं, चिडणं रोज कुणीतरी पाहत असे. आता तीच तंत्रं मोबाइलवर अर्ध्या तासाच्या व्हिडिओत मिळतात. रविवारच्या शिबिरात भरलेल्या सभागृहाला एकदम भस्त्रिका करायला लावतात. जोरजोरानं श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानं हातापायांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, गरगरतं. हे शरीराचं साधं काम आहे. पण त्यालाच व्यासपीठावरून जागृतीचा शिक्का मिळतो, आणि सोमवारी त्यातल्या कुणाला रात्रभर झोप लागली नाही हे विचारायला कोणीच नसतं.

पंडित गोपीकृष्णांबद्दल इथे थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण कुंडलिनीवरच्या आजच्या बहुतेक चर्चा त्यांच्यापासून सुरू होतात आणि बहुतेक लोक त्यांना अर्धंच वाचतात. १९०३ साली जन्मलेला हा काश्मिरी गृहस्थ जम्मू-काश्मीर संस्थानात सरकारी कारकून होता. कॉलेजच्या परीक्षेत नापास झाल्यावर मनाला शिस्त लागावी म्हणून ध्यान सुरू केलं आणि सतरा वर्षं पहाटे बसत राहिला. १९३७च्या डिसेंबरात जम्मूला, ध्यानात असताना, धबधब्यासारखा आवाज होऊन कण्यातून प्रकाशाचा लोट मेंदूत शिरला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. लोक इथपर्यंत वाचतात आणि भारावतात. पुढची पानं वाचा. त्या दिवसांनंतर त्यांची झोप गेली, अन्नावरची वासना गेली, अंगाची आग होऊ लागली, बायकामुलांबद्दल वाटणारी माया आटून गेली. आपण वेडे होणार ही भीती दिवसरात्र सोबतीला होती. विचारायला गुरू नव्हता, आणि ज्यांना विचारलं त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. उघड बोलावं तर लोक वेड्यात काढतील. योगात डावी मानलेल्या इडा नाडीवर लक्ष केंद्रित केल्यावर आग शमली असं ते सांगतात, पण त्यानंतर त्यांना उभं ठेवलं ते वेळेवर, थोडंथोडं खाण्यानं, विश्रांतीनं आणि पत्नीच्या शुश्रूषेनं. पुढे काही वर्षांनी पुन्हा जोर करून ध्यानाला बसल्यावर त्यांची प्रकृती पुन्हा ढासळली. १९६७ साली हे सगळं पुस्तकरूपानं आलं. ते आजारपणाचं इतकं प्रामाणिक आत्मकथन आहे की प्रत्येक साधनाकेंद्रात ते वाचायला ठेवलं पाहिजे. गोपीकृष्णांनी नंतर असंही मांडलं की वेडाच्या पुष्कळ प्रकारांमागे बिघडलेली कुंडलिनी असते. तिथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. त्याला पुरावा नाही. आणि स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला ‘तुझी कुंडलिनी उलटली’ असं सांगून त्याचं भलं झालेलं आमच्यातल्या एकानंही पाहिलेलं नाही.

पाश्चात्त्य वैद्यकानं हा प्रश्न उशिरा का होईना घेतला. ली सॅनेला या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९७६ साली पुस्तकाच्या नावातच विचारलं की कुंडलिनी हा मनोविकार आहे की उन्नयन. १९९४ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही नोंद आली, आणि ती आजार म्हणून नव्हे, तर डॉक्टरांनी लक्ष द्यावं अशी अडचण म्हणून आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणातही समाजानं मान्य केलेल्या धार्मिक प्रथेतलं अंगात येणं विकार धरलं जात नाही. एवढी सोय छापील पुस्तकात आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ती पोचलेली नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं एक उदाहरण आम्हाला फार मोलाचं वाटतं. १९३६ साली मेहेरबाबांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. ईश्वराच्या ओढीनं भान हरपलेल्यांना ते ‘मस्त’ म्हणत आणि इतर वेड्यांपासून वेगळे मानत. त्यांचे शिष्य डॉ. विल्यम डॉन्किन यांनी या मस्तांवर १९४८ साली मोठा ग्रंथ लिहिला. हा भेद आमच्यातल्या काहींना पटतो, काहींना पटत नाही. पण राहुरीत वेडा असो की मस्त, त्याला आंघोळ घालत होते, जेवू घालत होते, अंगावर स्वच्छ कपडे देत होते. कोण कोणत्या कोटीतला हे ठरेपर्यंत कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. आमच्या चळवळीचा पाया हाच आहे. नाव काय द्यायचं ते सावकाश ठरवू; झोप, अन्न, सुरक्षितता आणि उपचार आजपासून.

यावर हटकून एक आक्षेप येतो. संतांनाही लोकांनी वेडं ठरवलं होतं ना? ठरवलं होतं. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे राऊळ म्हणत आणि चक्रधरांनी त्यांनाच गुरू केलं. शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले तेव्हा कित्येकांना ते पिसेच वाटले. रामकृष्ण परमहंसांच्या अवस्थांनी घरचे धास्तावले होते. पण लोकांनी संतांना वेडं म्हटलं म्हणून वेडा झालेला प्रत्येक जण संत ठरत नाही, आणि आमच्या मुलांना या उदाहरणांच्या आडून औषधावाचून ठेवणं हा अन्याय आहे. रामकृष्णांवर कलकत्त्याच्या कविराजांनी, म्हणजे वैद्यांनी, औषधोपचार केले होते. त्यानं त्यांचं परमहंसपण उणावलं नाही.

मग ओळखायचं कसं? अनुभवाच्या वर्णनावरून ओळखता येत नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. प्रकाश, नाद, उष्णता, कंप, आपोआप होणाऱ्या हालचाली म्हणजे क्रिया, हे साधकालाही होतं आणि आजाऱ्यालाही. अनुभवानं माणसाच्या आयुष्याचं काय केलं, तिकडे पाहावं लागतं. तो झोपतो का? जेवतो, पाणी पितो का? ‘मला असं वाटतं, पण ते चुकीचंही असू शकेल’ असं म्हणण्याइतकी जागा त्याच्यात उरली आहे का? ठरवलं तर साधना चार दिवस थांबवू शकतो का? ऐकू येणारे आवाज आज्ञा देतात का? घरच्यांवर, शेजाऱ्यांवर संशय बसला आहे का? पैसे उधळणं, अखंड बोलणं, आपण अवतार आहोत असं सांगणं सुरू झालं आहे का? यातलं एक जरी उत्तर काळजीचं असलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. सलग काही रात्री झोप न येणं हे एकटंच पुरेसं कारण आहे, कारण जागरण उन्मादाला चेतवतं, आणि उन्माद पुन्हा झोप घालवतो.

डॉक्टरांना दाखवायचं याचा अर्थ लगेच वेडाचं निदान होणार असा नाही. थायरॉइड बिघडलं, ब१२ जीवनसत्त्व फार उतरलं, मेंदूच्या टेम्पोरल लोबमधून फिट येत असली, मेंदूला सूज आली, गांजा-भांग पोटात गेली, तरी असेच अनुभव येऊ शकतात. बाळंतपणानंतरच्या काही दिवसांत बाईचं मन अचानक उलटं फिरू शकतं, आणि तिथे एक दिवसाचाही उशीर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येतो. यांतली कित्येक कारणं रक्ताच्या तपासणीत सापडतात. ती तपासणी न करता शक्तीवर बोट ठेवणं आम्हाला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबांनी समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. साधनेनं आजार झाला असं जिथे दिसतं तिथे कित्येकदा क्रम उलटा असतो. स्किझोफ्रेनियासारखा आजार साधारण किशोरवयाच्या शेवटी आणि विशीत सुरू होतो. उघड होण्याआधी महिनोन्महिने तो आत कुजबुजत असतो. मुलगा मित्रांत मिसळेनासा होतो, जगाचा अर्थ काहीतरी वेगळा आहे असं त्याला वाटू लागतं, आणि तो अर्थ शोधत तो पोथ्यांकडे, मौनाकडे, तासन्‌तास ध्यानाकडे वळतो. घर आधी खूश होतं. पोरगं व्यसनात नाही, देवाधर्माला लागलं. कॉलेज सुटल्याचंही मग कुणाला विशेष वाटत नाही. उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो तितकं बरं होणं अवघड होतं, आणि हा सगळा काळ कौतुकात जातो. साधनेची ओढ लागलेल्या प्रत्येक मुलाकडे संशयानं पाहा असं आम्ही म्हणत नाही. त्याच्याशी बोला एवढंच म्हणतो. त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, ते घाबरल्यासारखं किंवा भारावल्यासारखं न करता विचारा.

बायकांच्या वाट्याला तर जागृती हा शब्दही येत नाही. पुरुष तेच बोलला तर साधक ठरतो, पाया पडायला माणसं येतात. सून तेच बोलली तर तिला लागिर झालं म्हणून अंगारा, धुपाची धुरी, केस धरून आपटणं, आणि शेवटी माहेरी पाठवणी. एकाच लक्षणाला घरातल्या स्थानावरून वेगळं नाव देण्याची ही रीत आम्ही मोडणार आहोत.

आता मागण्या. पहिली गुरूंना, महाराजांना, शिबिरं चालवणाऱ्यांना. तुमच्या श्रद्धेला आम्ही हात लावत नाही, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. लिथियम हे औषध अचानक सोडलं तर उन्मादाचा झटका परत येण्याचा धोका वाढतो. लिथियम घेणाऱ्याला निर्जळी उपास घडवलात तर रक्तात त्याचं विष होऊ शकतं. तुम्ही हे जाणूनबुजून करत नसाल, पण परिणाम व्हायचा तोच होतो. प्रवेशाआधी आजाराबद्दल, घराण्यातल्या आजाराबद्दल विचारा. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात ते विचारलं जातं आणि विपश्यना हा मानसोपचाराला पर्याय नाही असं त्यांची नियमावली सांगते. म्हणजे हे करता येतं. मौनाच्या शिबिरात कुणाची झोप उडाली तर त्याला बोलू द्या, साधना थांबवा, पोटभर जेवू घाला, घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे पोचवा. ‘क्रिया होत आहेत, होऊ द्या’ एवढंच सांगून त्याला खोलीत एकटं ठेवू नका.

मानसोपचारतज्ज्ञांकडे आमचं मागणं लहान आहे आणि अवघड आहे. ऐका. रुग्ण चक्र, नाडी, शक्ती हे शब्द वापरतो म्हणून त्या शब्दांनाच लक्षण धरू नका. याच शब्दांत तो वाढला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ प्रमाणे कुणाच्या धार्मिक श्रद्धा समाजाशी जुळत नाहीत एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. साधना कायमची सोड असं सांगण्याऐवजी सध्या काय थांबवायचं, बरं वाटल्यावर काय हळूहळू सुरू करता येईल, हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. ज्याला आपला देव दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवावा लागत नाही, तो औषध घेत राहतो.

कायद्यानं दिलेलं एक हत्यार आपण वापरतच नाही. त्याच कायद्याच्या कलम ५ खाली कुणीही सज्ञान माणूस बरा असताना आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो: मी आजारी पडलो तर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, माझ्या वतीनं कुणी बोलावं. आम्ही साधकांना हा कागद लिहायला शिकवणार आहोत. माळ माझ्याजवळ राहू द्या, असं त्यात लिहिता येतं. ‘मी उपास सोडायला तयार नसेन तर माझं ऐकू नका’ हेही लिहिता येतं, आणि आमच्या मते तेच आधी लिहावं.

साखळीबद्दल तडजोड नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. आज मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधणं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झाला; भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मतिमंद माणसात अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याच्यावर धंदा करणं त्या कायद्यात बसतं. जिथे असं दिसेल तिथे आम्ही तक्रार करू, मग तो मठ कितीही मोठा असो.

दवा आणि दुआ यांना शत्रू मानायचं कारण नाही, हे गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दिसलं आहे. तिथे मुजावरांना बरोबर घेऊन दर्ग्याच्या आवारातच मानसोपचार सुरू झाले. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ज्या देवस्थानांत, मठांत, दर्ग्यांत मन हरवलेली माणसं आणली जातात, तिथे आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसावा, ही आमची सरकारकडे आणि विश्वस्तांकडे मागणी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये सांगितलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. ती माणसं कुठे तरी जातातच. ज्या दारात जातात त्याच दारात डॉक्टर भेटला पाहिजे.

या चळवळीला वर्गणी नाही, दीक्षा नाही. ज्यांनी हे भोगलं त्यांनी पुढे येऊन बोलावं, नाव लपवून बोललात तरी चालेल. योगशिक्षकांनी आपल्या वर्गात झोपेबद्दल विचारायला सुरुवात करावी. आणि हे वाचणाऱ्या, तुमच्या घरात कुणी काही रात्री झोपलं नसेल, जेवत नसेल, आवाजांची आज्ञा ऐकत असेल, तर मुहूर्त पाहू नका, कुणाच्या अनुमतीसाठी थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आज फोन करा. जीव धोक्यात वाटत असेल तर फोनसाठीही न थांबता जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा, आणि तिथे त्याच्याजवळ बसून राहा.